पार्लरमधले तेल आणि उटणे बाटलीत भरून विकावे, की दुसरी शाखा काढावी?

कृष्णाकाठ:

नमस्कार. कराडमध्ये स्त्रियांसाठी माझे पार्लर आहे आणि माझ्यासह चौघीजणी तिथे काम करतो. थ्रेडिंग, वॅक्सिंग, क्लीनअप, फेशियल, हेअर स्पा हे रोजचे काम आणि तुळशीच्या लग्नानंतर नवरीचे मेकअप, असा वर्षाचा क्रम ठरून गेलेला आहे. आषाढात आणि पितृपंधरवड्यात गल्ला मंदावतो, बाकीचे वर्ष बरे जाते. धंदा कर्जात नाही, आणि जागा भाड्याची असली तरी मालक समजूतदार आहेत.

गेल्या काही वर्षांत एक वेगळीच मागणी वाढत चालली आहे. सासूबाईंच्या पद्धतीने मी केसांचे तेल करते. घाण्याच्या खोबरेल तेलात जास्वंदीची फुले, माका, कढीपत्ता आणि आवळकाठी घालून ते मंद आचेवर कढवायचे, आणि हेअर स्पाच्या आधी मालिशला वापरायचे. दिवाळीच्या आधी मसूर डाळ, वाळा, नागरमोथा, कापूरकाचरी आणि सांगलीची हळद यांचे उटणेही करते. ज्या बायकांना ते आवडले त्या आधी स्वतःची बाटली घेऊन येत असत. आता त्यांच्या पुण्यातल्या नणंदा, ठाण्यातल्या मैत्रिणी आणि बेळगावच्या माहेरची माणसे व्हॉट्सॲपवरून मागणी नोंदवू लागली आहेत, आणि एका ओळखीच्या दुकानदाराने तर "लेबल लावून द्या, काउंटरवर ठेवतो" असे सांगून ठेवले आहे.

हाताशी साधारण सहा लाखांची शिल्लक आहे. घरात दोन मते आहेत. यजमानांचे म्हणणे असे की उंब्रजला दुसरे पार्लर काढावे, कारण ते काम मला येते. मला मात्र वाटते की पार्लरमध्ये माझ्या दोन हातांना जेवढे झेपेल तेवढेच उत्पन्न होते, शिवाय शिकवून तयार केलेली मुलगी वर्ष-दीड वर्षात पुढच्या गल्लीत स्वतःचे पार्लर थाटते आणि निम्मी गिऱ्हाइके घेऊन जाते. बाटली मात्र मी झोपले असतानाही विकली जाईल. यासाठी कोणते परवाने लागतात, घरी तयार केलेले चालते का, कर्ज किंवा अनुदान मिळू शकते का आणि किंमत कशी ठरवावी, याबद्दल ज्यांनी प्रत्यक्ष हे केले आहे किंवा ज्यांचा या क्षेत्राशी संबंध आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. "मनापासून करा, यश मिळेल" हे मला घरीच ऐकायला मिळते.

तेलपाणी:

मी सौंदर्यप्रसाधनांच्या कारखान्यात फॉर्म्युलेशनचे, म्हणजे मालाची कृती ठरवण्याचे काम करते, म्हणून परवान्यापासून सुरुवात करते, कारण तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरे त्यावरच अवलंबून आहेत.

तुम्ही तुमच्या खुर्चीत बसलेल्या बाईच्या डोक्याला तेल लावता तेव्हा ती सेवा असते. तेच तेल बाटलीत भरून, नाव घालून विकायला ठेवले की तुम्ही उत्पादक होता. सौंदर्यप्रसाधने नुसती विकायची असतील तर वेगळा परवाना लागत नाही. विक्रीसाठी ती तयार करायची असतील तर मात्र औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० आणि त्याखालचे सौंदर्यप्रसाधने नियम २०२० लागू होतात, आणि परवाना राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून घ्यावा लागतो. स्वतःच्या कारखान्यासाठी सी.ओ.एस. ५ या नमुन्यात अर्ज करायचा आणि परवाना सी.ओ.एस. ८ या नमुन्यात मिळतो. जागा स्वतंत्र, स्वच्छ, धुता येणाऱ्या भिंतींची हवी, आणि रसायनशास्त्र किंवा औषधनिर्माणशास्त्र शिकलेली एक तांत्रिक व्यक्ती पूर्णवेळ नेमलेली हवी. राहत्या घराच्या स्वयंपाकघरावर हा परवाना मिळत नाही, मग घर कितीही स्वच्छ असो.

यातून दोन मधले मार्ग निघतात. पहिला म्हणजे लोन लायसन्स, ज्याचा बँकेच्या कर्जाशी काहीही संबंध नाही. ज्याच्याकडे परवाना असलेला कारखाना आहे त्याच्या जागेत, त्याच्या यंत्रांवर तुमचा माल तयार होतो, पण परवाना तुमच्या नावावर असतो. अर्ज सी.ओ.एस. ६, परवाना सी.ओ.एस. ९. दुसरा म्हणजे ज्याला सगळे थर्ड पार्टी म्हणतात तो. त्यात परवानाही कारखान्याचाच असतो, लेबलवर उत्पादक म्हणून त्याचे नाव येते आणि विपणन करणारी म्हणून तुमचे. वसई-भिवंडीपासून हिमाचलमधल्या बद्दीपर्यंत असे कारखाने पुष्कळ आहेत. अडचण अशी की बहुतेक जण किमान हजार-पाचशे नग एकदम घ्यायला लावतात आणि "आमच्याकडे तयार फॉर्म्युला आहे, त्यात तुमचा वास टाकून देतो" असे सुचवतात. ते स्वीकारले तर तुमच्या सासूबाईंचे तेल बाजूलाच राहील आणि लिक्विड पॅराफिनमध्ये, म्हणजे खनिज तेलात, जास्वंदीचा सुगंध घातलेली बाटली तुमच्या नावाने विकली जाईल.

आता जे कोणी सहसा सांगत नाही ते सांगते. ज्या मालात पाणी आहे त्यात जिवाणू आणि बुरशी वाढते, आणि ती दिसायला लागण्याच्या कितीतरी आधी वाढलेली असते. कोरफडीचा ताजा गर, गुलाबपाणी घातलेले फेसपॅक, काकडीचे टोनर या गोष्टी पार्लरमध्ये सकाळी करून संध्याकाळपर्यंत संपवायच्या असतात. त्या बाटलीत भरून सहा महिने टिकवायच्या तर प्रिझर्व्हेटिव्ह घालावेच लागते, आणि "केमिकल नाही" असे लेबलवर छापण्याच्या हौसेपोटी जे लोक ते टाळतात ते गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर प्रयोग करत असतात. व्हिटॅमिन ई घातले म्हणजे माल टिकतो हा समजही सर्रास आढळतो. व्हिटॅमिन ई तेलाला खवट होण्यापासून काही काळ वाचवते, जिवाणूंना मारत नाही.

तुमच्या बाबतीत चांगली गोष्ट ही, की निव्वळ तेल आणि कोरडे उटणे या दोन्हींत पाणी नसते, म्हणून सुरुवात करायला याहून सोयीची जोडी नाही. पण तेलात ताजी जास्वंद आणि ताजा कढीपत्ता घालता तेव्हा त्यातले पाणी पूर्ण उडाले पाहिजे, नाहीतर बाटलीच्या तळाशी धुरकट थर बसतो आणि महिन्याभरात आंबूस वास येतो. वनस्पती सावलीत वाळवून घेतल्या तर हा धोका बराच कमी होतो. उटण्यात ओलावा शिरला की त्यात अळ्या किंवा बुरशी होते, म्हणून पावसाळ्यात दळण करू नका. हळद मात्र नाव-पत्ता असलेल्या खात्रीच्या दुकानातून घ्या, शक्यतो तपासणीचा अहवाल मागून, कारण रंग खुलवण्यासाठी हळदीत शिसेयुक्त पिवळा रंग मिसळण्याचे प्रकार होतात. विक्रीला आणण्याआधी प्रयोगशाळेत ४० अंश सेल्सिअस तापमान आणि ७५ टक्के आर्द्रतेत माल ठेवून त्याचा टिकाऊपणा तपासून घ्या. मे महिन्यात कुरिअरच्या गाडीत तुमची बाटली यापेक्षा फार वेगळ्या हवेत नसते.

सोलापूरची मावशी:

मी पार्लर चालवते आणि माझ्या मुली आता त्यांची पार्लरे चालवतात, म्हणून थोडे वेगळे सांगते. बाटलीचा विचार वाईट नाही, पण तुम्ही जे कारण दिले आहे ते मला पटले नाही. "माझ्या दोन हातांना झेपेल तेवढेच" असे जिला वाटते तिने आधी आपल्या खुर्चीचा तास किती रुपयांना जातो ते काढून पाहावे.

तुमच्याकडे किती खुर्च्या आहेत, दुकान दिवसाला किती तास उघडे असते, भाडे, वीज, पगार, माल, टॉवेल धुण्याचा खर्च मिळून महिन्याला किती जातात, हे कागदावर मांडा. खर्चाला खुर्चीच्या तासांनी भागले की एका तासाची किंमत निघते. मग पाहा, थ्रेडिंगला दहा मिनिटे लागतात आणि फेशियलला सव्वा तास. बहुतेक पार्लरांत असे दिसेल की ज्या फेशियलचा आपल्याला अभिमान वाटतो त्यात तासाला मिळकत थ्रेडिंगपेक्षाही कमी पडते, कारण तिचा दर आपण शेजारच्या पार्लरचा बोर्ड पाहून लावलेला असतो. शिवाय "ताई, ओळखीचं काहीतरी करा" म्हणणाऱ्या बाईला आपण जे शंभर रुपये सोडतो ते नफ्यातले असतात, खर्चातले नव्हे. दर सुधारून, भेटीची वेळ आधी ठरवून घेण्याची सवय गिऱ्हाइकांना लावून आणि नवरीच्या मेकअपला निम्मी रक्कम आगाऊ घेऊन, नवी शाखा न काढताही उत्पन्न बरेच वाढते.

मुली सोडून जाण्याबद्दल. त्या जाणारच. आपणही कुणाच्या तरी हाताखालून असेच बाहेर पडलो. पगारावर थोडे कमिशन ठेवले, फेशियल आणि हेअरकट शिकवताना एकीला एकच काम पूर्ण न देता फिरते काम दिले, आणि गिऱ्हाइकांची नोंद मुलीच्या मोबाइलमध्ये न राहता दुकानाच्या वहीत आणि दुकानाच्या नंबरवर राहिली, तर ती गेली तरी नुकसान आटोक्यात राहते. उंब्रजच्या शाखेबद्दल मी एवढेच विचारते की तिथे रोज बसणार कोण? पार्लर ज्या बाईच्या नावाने ओळखले जाते ती नसली की दुसऱ्या महिन्यात खुर्च्या रिकाम्या दिसतात. ज्या मुलीला स्वतःचे दुकान काढायचे आहे तिलाच भागीदार करून तिथे बसवले, तर तुमची दोन्ही दुखणी एकदम बरी होण्याची शक्यता आहे.

आणखी एक, विषयाला धरूनच. बाटली विकायची म्हणून पार्लरात येणाऱ्या प्रत्येक बाईच्या हातात ती कोंबू नका. आमच्याकडे एकीने हे केले आणि बायका थ्रेडिंगलाही दुसरीकडे जाऊ लागल्या.

वहीखाते:

कर आणि कर्ज या दोन विषयांपुरते लिहितो, कारण बरेच अशील याच टप्प्यावर सल्ल्याला येतात.

जीएसटी नोंदणीसाठी फक्त वस्तू विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांची आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांची मर्यादा आहे, हे सर्वांना ठाऊक असते. पण ४० लाखांची मर्यादा निव्वळ वस्तूंचा व्यवहार करणाऱ्यालाच मिळते, हे लक्षात घेतले जात नाही. तुम्ही एकाच पॅनवर पार्लरही चालवाल आणि तेलही विकाल, तर दोन्हींची उलाढाल एकत्र मोजली जाईल आणि मर्यादा २० लाखांची राहील. पार्लरचे १४ लाख आणि तेल-उटण्याचे ७ लाख झाले की नोंदणी आलीच. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वस्तू राज्याबाहेर विकली तर उलाढाल कितीही कमी असो, नोंदणी बंधनकारक आहे. तुमच्या बेळगावच्या गिऱ्हाइकाला पाठवलेले पहिले पार्सलही या नियमात येते, मग ते कराडहून कोल्हापूरच्या पुढे जरासेच का जाईना.

दरांमध्ये २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठा बदल झाला आहे. पार्लर, सलून, जिम, योगकेंद्र यांच्या सेवांवरचा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, पण इनपुट टॅक्स क्रेडिट न घेण्याच्या अटीवर. म्हणजे नोंदणी असलेल्या पार्लरने क्रीम, मशीन किंवा भाड्यावर भरलेला कर आता वजा होत नाही, तो खर्चातच धरावा लागतो. नवी यंत्रे घेऊन शाखा काढणाऱ्यांनी हे आधी हिशेबात घ्यावे. केसांचे तेल, शाम्पू आणि साबणाच्या वड्या यांवरचा दरही त्याच दिवशी ५ टक्क्यांवर आला. चेहऱ्याला लावायचे क्रीम मात्र १८ टक्क्यांतच राहिले. तुम्ही तेलापासून सुरुवात करताय, तेव्हा दराची बाजू तुमच्या सोयीची आहे.

किंमत ठरवताना उलट दिशेने मोजा. समजा, तुम्ही नोंदणी घेतली आहे आणि १०० मिलीलिटरच्या बाटलीची छापील किंमत २५० रुपये आहे. त्यातले सुमारे १२ रुपये कराचे. दुकानदाराने छापील किमतीवर ३० टक्के मागितले तर ७५ रुपये त्याचे. उरले १६३. तेल, वनस्पती, बाटली, झाकण, लेबल, खोका आणि कारखान्याची मजुरी मिळून ९० रुपये धरले आणि परत आलेला, गळलेला, नमुन्यात वाटलेला माल व वाहतूक यांचे २५ रुपये धरले, तर हातात ४८ रुपये राहतात, आणि त्यातूनच जाहिरात आणि तुमच्या वेळेचा मोबदला निघायचा आहे. २०२५ मध्ये खोबरेल तेलाचे भाव जसे भडकले तसे पुन्हा झाले तर या ४८ मधले निम्मे एका हंगामात जातात. हीच बाटली स्वतःच्या पार्लरमध्ये विकली तर दुकानदाराचे ७५ तुमच्याकडेच राहतात. म्हणून पहिली दोन वर्षे त्या ओळखीच्या दुकानदाराला थोडे थांबवून ठेवा.

अनुदानाबद्दल. पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमात उत्पादन उद्योगाला ५० लाखांपर्यंतच्या आणि सेवा उद्योगाला २० लाखांपर्यंतच्या प्रकल्पाला मान्यता मिळते. महिलांना शहरी भागात २५ टक्के आणि ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान, आणि स्वतःचा वाटा फक्त ५ टक्के. मात्र ही योजना नव्या उद्योगासाठी आहे, तुमचे चालू पार्लर वाढवण्यासाठी तिचा उपयोग नाही, आणि पती-पत्नी मिळून एकालाच लाभ मिळतो. अनुदानाची रक्कम हातात येत नाही, ती बँकेत तीन वर्षे अडकून राहते आणि उद्योग चालू असल्याचे दिसल्यावर कर्जात जमा होते, हे पुष्कळांना कर्ज मंजूर झाल्यावर कळते. योजनेचा मंजूर कालावधी २०२५-२६ पर्यंतचा होता, म्हणून अर्जाआधी साताऱ्याच्या जिल्हा उद्योग केंद्रात चालू स्थिती विचारून घ्या. तिथेच राज्याच्या मुख्यमंत्री रोजगारनिर्मिती कार्यक्रमाचीही माहिती मिळेल. खेळत्या भांडवलासाठी मुद्रा कर्ज बरे पडते. ५० हजारांपर्यंत शिशू, ५ लाखांपर्यंत किशोर, १० लाखांपर्यंत तरुण असे त्याचे पहिले टप्पे आहेत.

लघुउद्योगांची उद्यम नोंदणी विनाशुल्क होते, तिच्यासाठी कुणा एजंटला पैसे देऊ नका. गुमास्ता, म्हणजे दुकानाची नोंदणी म्हणाल तर तुमच्याएवढ्या लहान दुकानाला २०१७ च्या कायद्यानुसार केवळ सूचना द्यावी लागते. नाव मात्र लवकर राखून ठेवा. ट्रेडमार्कसाठी प्रसाधने तिसऱ्या वर्गात येतात आणि पार्लरची सेवा चव्वेचाळिसाव्या वर्गात, आणि व्यक्तीने किंवा लघुउद्योगाने ऑनलाइन अर्ज केला तर प्रत्येक वर्गाचे सरकारी शुल्क ४,५०० रुपये आहे.

कृष्णाकाठ:

सर्वांचे आभार. मावशी, तुमच्या पद्धतीने काल रात्री हिशेब मांडला आणि फेशियलबद्दल तुम्ही म्हणता ते अगदी तसेच निघाले. गोल्ड फेशियलचा दर या महिन्यातच बदलते आहे.

दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. लेबलवर "केस गळणे थांबते" असे लिहिले तर चालेल का? गिऱ्हाइके तसेच म्हणतात आणि मी त्यांचे अनुभव इन्स्टाग्रामवर टाकते. दुसरे असे की आमच्याकडे बाळंतिणीला आणि बाळाला मालिश करणाऱ्या बायका आता मिळेनाशा झाल्या आहेत आणि मला वारंवार त्याबद्दल विचारणा होते. वेलनेस म्हणून शिरोधारा आणि पंचकर्म सुरू करण्यापेक्षा हे केले तर कसे?

वैद्य, सातारा:

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे. स्वच्छ करणे, सुंदर दिसणे, रूप खुलवणे एवढाच दावा असेल तोवर वस्तू सौंदर्यप्रसाधन असते. गळणे थांबते, टक्कल भरून येते, कोंडा बरा होतो असे म्हटले की तुम्ही औषधाचा दावा करता, आणि सौंदर्यप्रसाधनाच्या परवान्यावर तो करता येत नाही. ही रेषा किती वादाची आहे हे विकोच्या प्रकरणावरून कळते. १९५२ मध्ये परळला सुरू झालेल्या त्या मराठी कंपनीने आपली हळदीची क्रीम आणि दंतमंजन ही प्रसाधने नसून आयुर्वेदिक औषधे आहेत, असे उत्पादन शुल्क खात्याविरुद्ध वर्षानुवर्षे मांडले, वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल कंपनीच्या बाजूने लागला. तुमच्याकडे तेवढी वर्षे आणि तेवढे वकील नाहीत. गिऱ्हाइकांच्या अनुभवांचा व्हिडिओ तुम्ही तुमच्या पानावर टाकलात तर तो तुमचाच दावा मानला जाऊ शकतो, हेही ध्यानात असू द्या.

औषधाचाच दावा करायचा असेल तर आयुर्वेदिक औषधनिर्मितीचा वेगळा परवाना आहे. आपल्या राज्यात तोही अन्न व औषध प्रशासनच देते, त्यासाठी पात्र वैद्य नेमावा लागतो, आणि मग तेलही शास्त्रात सांगितल्याप्रमाणे सिद्ध करावे लागते. कल्क, म्हणजे वनस्पतींचा वाटलेला गोळा, एक भाग, तेल चार भाग, काढा किंवा अन्य द्रव सोळा भाग, आणि द्रव पूर्ण आटेपर्यंत पाक. पाक झाला हे ओळखण्याची खूण मात्र परवाना कोणताही असो, तुमच्या कढईलाही लागू पडते. तेल तयार होताना वर फेस येतो (तुपात उलट असते, तिथे फेस शांत होतो), तळाचा कल्क बोटांत धरून वळला तर त्याची वात होते, आणि ती वात विस्तवावर धरली तर तडतडत नाही. तडतडली तर पाणी शिल्लक आहे आणि तेलपाणी यांनी लिहिलेला आंबूस वास ठरलेला आहे.

गोरेपणाबद्दल तुम्ही विचारले नाही, तरी लिहितो, कारण माझ्याकडे येणाऱ्या चेहऱ्यांपैकी बरेचसे पार्लरमार्गे येतात. बिनलेबलच्या डबीतली जी "फॉर्म्युला क्रीम" काही ठिकाणी दिली जाते तिच्यात स्टेरॉइड आणि हायड्रोक्विनोन असू शकते. आठवड्यात चेहरा उजळतो, थांबवली की लाली, पुरळ आणि लव येते, आणि मग ती सोडता येत नाही. काही गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा सापडला आहे आणि त्याने मूत्रपिंडाला इजा होते. पुरवठादार असे काही घेऊन आला तर त्याला दारातूनच परत पाठवा. लग्नसराईत "लवकर रंगणारी काळी मेंदी" म्हणून जे येते त्याचेही तेच, त्यात बहुधा केसांच्या कलपातले रसायन असते आणि हातावर फोड उठतात.

आता दुसरा प्रश्न, जो मला तुमच्या तेलापेक्षाही महत्त्वाचा वाटतो. पंचकर्म हे उपचार आहेत, वैद्याच्या देखरेखीशिवाय त्यांचे नावही पाटीवर घालू नका. बाळंतिणीचे मालिश ही मात्र आपल्या घरांतली जुनी गरज आहे, एकत्र कुटुंबे मोडली, मालिश करणाऱ्या बाया म्हाताऱ्या झाल्या आणि त्यांच्या सुना दुसऱ्या कामाला लागल्या, म्हणून ती अडली आहे. तुमच्या भागात अजून काम करणारी एखादी अनुभवी बाई असेल तर तिच्याशी स्पर्धा न करता तिला मानाने बोलवा, चांगले पैसे द्या आणि तुमच्या दोन मुलींना तिच्या हाताखाली शिकू द्या. त्यावर आजच्या काळाचे काही नियम तुम्ही घाला. सिझेरियन झाले असेल तर प्रसूतितज्ज्ञांनी परवानगी दिल्याशिवाय सुरू करायचे नाही आणि टाक्यांच्या जागी हात लावायचा नाही. एका पायाची पोटरी सुजली असेल, दुखत असेल किंवा लाल झाली असेल तर ती चोळायची नाही, तडक डॉक्टरांकडे पाठवायचे, कारण बाळंतपणानंतर शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा संभव असतो. बाळाच्या नाका-कानात तेल घालायचे नाही. शेक जरूर द्या, पण बंद खोलीत बाळाला शेगडीच्या धुरात धरण्याची पद्धत बंद करा. काम गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन करायचे असल्यामुळे तुम्हाला नवी जागा लागत नाही, आणि सव्वा महिन्याचे काम एकदम ठरत असल्यामुळे आषाढातही गल्ला रिकामा राहणार नाही.

घाटमाथा:

सगळेच जण जपून पाऊल टाकायला सांगत आहेत, म्हणून थोडी दुसरी बाजू. शहनाज हुसेन यांनी १९७१ मध्ये दिल्लीत राहत्या घरात सौंदर्योपचार सुरू केले आणि वंदना लुथरा यांनी १९८९ मध्ये व्हीएलसीसी या सौंदर्य व वेलनेस साखळीचे पहिले केंद्र काढले. दोघींचीही सुरुवात सेवेतून झाली आणि मग त्यांच्या नावाची उत्पादने देशभर गेली. म्हणजे खुर्चीकडून बाटलीकडे जाणे हा काही वेडेपणा नाही, उलट ज्या बाईने हजारो टाळूंना हात लावला आहे तिला कोणते तेल कोणाला चालते हे कारखान्यातल्या माणसापेक्षा अधिक कळते. याउलट फाल्गुनी नायर यांनी २०१२ मध्ये नायका ही सौंदर्यप्रसाधने ऑनलाइन विकणारी कंपनी सुरू केली तेव्हा त्या गुंतवणूक बँकिंगमधून आल्या होत्या आणि त्यांनी आधी इतरांचाच माल विकला. त्यांच्याकडे भांडवल आणि ओळखी होत्या, कृष्णाकाठ यांच्याकडे ओळखीची गिऱ्हाइके आहेत. मावशींचे म्हणणे मान्य करूनही मला वाटते की तेल आता आणले नाही तर हीच कृती तुमच्याकडून शिकून गेलेली एखादी मुलगी वर्षभरात रील करून विकू लागेल.

सोलापूरची मावशी:

विकू दे की. तिला माका कोणता आणि तण कोणते हे कळत असेल तर विकेल.

कृष्णाकाठ:

उंब्रजची शाखा सध्या बाजूला ठेवली आहे. यजमानांनाही वहीखाते यांचा क्रेडिटचा मुद्दा पटला. पुढच्या आठवड्यात साताऱ्याला अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात जाऊन लोन लायसन्सची कागदपत्रे विचारून येते. फक्त तेल आणि उटणे एवढ्यावरच सुरुवात, विक्री आधी पार्लरमधून आणि राज्यातल्या राज्यात, आणि बेळगावच्या मंडळींनी कराडला येईल त्याच्याबरोबर बाटली मागवावी. परवाना हातात येईपर्यंत बाटलीतून देणेही थांबवते. मालिशसाठी आमच्या पेठेतल्या एका मावशींशी बोलणे झाले आहे. त्यांनी दिवसाला दोनच घरे घेणार असे बजावून सांगितले आहे.

तेलपाणी यांना एकच विचारायचे होते: ज्या कारखान्यात करून घ्यायचे त्याच्याशी करार करताना आणि लेबल छापताना काय पाहावे?

तेलपाणी:

करारात कृती तुमच्या मालकीची आहे आणि कारखाना ती दुसऱ्या कुणासाठी वापरणार नाही, हे वाक्य स्पष्ट हवे. कच्चे तेल आणि वाळवलेल्या वनस्पती तुम्ही पुरवणार की ते आणणार, प्रत्येक बॅचचा नमुना मुदत संपेपर्यंत कोण जपून ठेवणार, आणि माल खराब निघाला तर भरपाई कोणाकडून, हेही त्यातच लिहून घ्या. पहिल्या बॅचच्या दिवशी स्वतः तिथे उभ्या राहा.

लेबलवर प्रसाधनाचे नाव, उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाचा महिना-वर्ष आणि वापरण्याची मुदत, निव्वळ प्रमाण, सर्व करांसह किरकोळ किंमत, प्रति मिलीलिटर किंमत आणि तक्रारीसाठी फोन नंबर एवढे यायलाच हवे. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात, म्हणून खोबरेल तेल आधी येईल आणि जास्वंद बरीच नंतर, भले मग बाटलीवर चित्र जास्वंदीचे असो. पाच हजार लेबले एकदम छापू नका. छापील किंमत किंवा पत्ता बदलला की ती सगळी रद्दीत जातात. पहिल्या खेपेला पाचशे पुरेत, आणि ती तेल सांडले तरी पुसली न जाणाऱ्या कागदावर छापून घ्या.